निबंध माझा होता

शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की बंगल्यावरच्या चादरी धुवून वाळत घालायच्या, हे माझं बारा वर्षांचं काम. मळवलीत आम्ही राहतो ती खोली त्याच बंगल्याच्या मागच्या अंगाला आहे. त्या रविवारी दुपारी मी तारेवर चादरी टाकत होते आणि माझी नववीतली मुलगी पायरीवर बसून मराठीचा निबंध पाठ करत होती. ती लोणावळ्याच्या शाळेत जाते. एकेक वाक्य चार-चार वेळा मोठ्यानं म्हणायचं, ही तिची पाठ करायची रीत.

"भाताच्या लावणीत आईच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात. मग ती बोटांना मेंदी लावते. सण नसताना आमच्या घरात मेंदी आली, की समजावं आई दिवसभर चिखलात उभी होती."

मी ओली चादर तशीच खांद्यावर घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"हे कुटनं आणलंस?"

"मॅडमनी लिहून दिलं. नमुना निबंध आहे."

"आन् मॅडमनी कुटनं आणलं?"

"त्यांचाच आहे तो. सातवीत असताना लिहिला होता. वडगावला तालुक्यात पहिला नंबर आला होता त्यांचा. दर वर्षी नववीच्या वर्गाला देतात." मग तिनं वर बघितलं. "आई, काय झालं? वहीवर पाणी पडतंय सगळं."

ती वाक्यं माझी होती. तेरा वर्षांची असताना मी ती लिहिली होती. मेंदी लावलेले ते पाय माझ्या आईचे होते.

माझं माहेर भाजे गावाच्या बाजूला, एका वाडीत. शाळा सातवीपर्यंत. वरच्या तिन्ही वर्गांना एकच गुरुजी होते. गावातच भाड्याच्या घरात राहायचे, आणि त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. गुरुजींचं अक्षर छापल्यासारखं. तलाठ्याकडचा अर्ज असो की रेशनकार्डाचा, वाडीतला जो तो कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर जायचा. त्यामुळे त्यांच्यापुढं मान वर करून कोणी बोलत नव्हतं.

सातवीत त्यांनी 'माझी आई' असा निबंध लिहायला सांगितला. माझा त्यांनी उभ्याउभ्या वाचला, मग पुन्हा वाचला. म्हणाले, "वही राहू दे माझ्याकडे. नीट तपासून देतो." मी घरी उड्या मारत गेले. नंतर कळलं की तालुक्याच्या निबंध स्पर्धेला गुरुजींची मुलगी गेली आणि कप घेऊन आली. मला वाईट वाटलं नाही. तिनं माझ्यापेक्षा चांगला लिहिला असेल, असंच मी धरून चालले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर तिला माइकवर निबंध वाचायला उभं केलं. सगळी वाडी जमली होती. पहिलं वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, गुरुजी माझा निबंध तिच्याकडून वाचून घेतायत, शेवटी माझं नाव सांगतील. मी केसांवरून हात फिरवून तयार बसले. तिनं शेवटचं वाक्य वाचलं. टाळ्या वाजल्या. नाव काही आलं नाही.

मी उभी राहिले. "गुरुजी, ह्यो निबंध माझा हाय."

गुरुजी हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते लोकांकडे वळून म्हणाले, "ज्या घरात साधं वर्तमानपत्र येत नाही, त्या घरातली पोर असं लिहील का? तुम्हीच सांगा मंडळी."

मंडळी हसली. बायकांत माझी आई बसली होती. निबंध आपल्यावरच आहे हे तिच्या लक्षात आलं होतं, कारण तिनं हळूच पाय लुगड्याखाली ओढून घेतले. माझे वडील हात जोडून पुढं आले. "चुकलं गुरुजी. लेकरू हाय. येड्यावानी बोलली." त्यांनी माझ्या दंडाला धरून मला गुरुजींच्या पायांवर वाकवलं. गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, असू दे," म्हणाले. तो हात मला अजून टाळूवर जाणवतो.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही, आणि का येत नाहीस म्हणून विचारायलाही कोणी आलं नाही. एकदा आई म्हणाली, "पोरीची वही तरी मागून आणा." वडील म्हणाले, "गप बस. उद्या कागद लिहायचा झाला तर कुणाच्या दारात जायचं?" विषय मिटला. पुढं लग्न झालं, मळवलीत आले, बंगल्यावर कामाला लागले.

मुलीनं निबंध पाठ केला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला तिच्या शाळेत गेले. मॅडम फाटकात उभ्या राहून उशिरा येणाऱ्या मुलांना अडवत होत्या. कपाळावरची खूण तीच होती, लंगडी खेळताना पडलेली. मला त्यांनी ओळखलं नाही.

"बोला. कोणाच्या आई तुम्ही?"

मी मुलीचं नाव सांगितलं.

"हुशार आहे हो. विशेषतः मराठीत."

मी "बरं" म्हणाले आणि परत आले. मला भीती वाटली नव्हती. पण तोंडानं मी एकदा बोलले होते, अख्ख्या गावासमोर, आणि त्याचं काय झालं ते मला माहीत होतं. या वेळी मला कागदावर बोलायचं होतं.

घरी येऊन मुलीच्या जुन्या वहीतलं पान फाडलं आणि लिहायला बसले. चार ओळींना अर्धी दुपार गेली. कुठली वेलांटी कुठं द्यायची, कशाचा भरवसा नाही. वाचून बघितलं तर पहिल्या शब्दापासून शिव्या. हे मॅडमच्या हातात पडलं तर त्या गालात हसतील आणि बापासारखंच म्हणतील, ही बाई लिहील का तसं? मी ते पान चुलीत घातलं.

मळवलीच्या शाळेतल्या एका खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बायकांचा दहावीचा वर्ग भरायचा. शाळा सुटलेल्या बायकांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायची. शिकवायला तळेगावहून एक निवृत्त शिक्षिका स्कूटीवर यायच्या. मी त्यांच्या वर्गात नाव घातलं; आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला विचारलं, कशासाठी शिकायचंय. एकीला अंगणवाडीत सेविका व्हायचं होतं. शेजारच्या मावशीला नातवापुढं लाज वाटत होती. माझी पाळी आली.

"एका बाईला चिठ्ठी लिहायचीय," मी म्हणाले.

"प्रेमाची?" ताईंनी हसून विचारलं.

"न्हाई."

वर्ग हसला. मी हसले नाही. लोक शिकण्याची चांगली चांगली कारणं सांगतात. माझं कारण सूड हे होतं, आणि ते मी कधी लपवलं नाही.

फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो आणायला जुन्या शाळेत गेले तेव्हा तिथल्या नव्या बाईंनी रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. गुरुजींचं तेच छापल्यासारखं अक्षर. वर्तणुकीच्या रकान्यात माझ्या वरच्या आणि खालच्या सगळ्या मुलांपुढं 'चांगली' असं होतं. माझ्यापुढं 'बरी'. त्या दोन अक्षरांसाठी गुरुजींनी क्षणभर थांबून विचार केला असणार. ते पान बघून परत येताना मी भाज्याच्या रस्त्यानं इतकी भराभर चालले, की चपलेचा अंगठा तुटला.

ताई प्रत्येक तासाला पंधरा मिनिटं काहीही लिहायला लावायच्या. खाडाखोड चालेल, पण हात थांबवायचा नाही. बाकीच्या बायका सण, माहेर, पाऊसपाणी असं काहीबाही लिहायच्या. मी दर वेळी गुरुजींबद्दलच लिहायचे. महिनाभरानं ताईंनी माझी वही घरी नेली. वही कोणाच्या हातात द्यायला माझा जीव होईना, म्हणून त्यांनी आपणहून पावती लिहून दिली आणि पुढच्या तासाला वही परत आणली.

"शिव्या फार झाल्यात," त्या म्हणाल्या. "नालायक, चोर, मेला... हे वाचून मला फक्त एवढंच कळतं की तुम्हाला राग आलाय. त्यानं काय केलं ते कुठंय?"

"केलं की. चोरलं."

"कसं? त्या दिवशी तो कुठं उभा होता? काय म्हणाला? शब्दाला शब्द लिहा. तुम्ही शिव्या देऊ नका. त्या वाचणाऱ्याला देऊ दे."

हे मला पटलं. मी 'नालायक' खोडलं आणि तिथं 'हसले' लिहिलं. चोर खोडून, 'वही राहू दे माझ्याकडे' हे त्यांचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं. वाचून बघितलं तर कागद आधीपेक्षा जास्त जळत होता. त्या दिवशी मला लिहायची गोडी लागली. भांडी घासताना वाक्यं जुळवायचे, हात पुसून लिहून ठेवायचे. इतिहास, भूगोल, इंग्रजी सगळं ओढत नेलं, पण मराठीच्या तासाला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे.

सगळं लिहून झालं तेव्हा ताई म्हणाल्या, "आता मन मोकळं झालं ना? मग सोडून द्या. माफ करून टाका."

"ताई, माफ करायला शिकायचं असतं तर घरी बसूनच केलं असतं," मी म्हणाले. "त्याला वेलांट्या कशाला लागतात?" ताईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

डिसेंबरात मुलीच्या शाळेनं पालकांसाठी निबंध स्पर्धा ठेवली. विषय, 'माझी शाळा'. परीक्षक मराठीच्या मॅडम. मी तीन पानं लिहिली. सुरुवात सातवीतल्या निबंधानं केली, चिखल्या, मेंदी, सगळं जसंच्या तसं. त्याच्याखाली लिहिलं, 'मॅडम, इथपर्यंत तुम्हाला पाठ आहे. याच्या पुढचं मी सांगते.' आणि पुढचं सांगितलं. खाली लग्नाआधीचं नाव लिहिलं. कागद मुलीच्या हातानं पाठवला नाही. स्वतः जाऊन ऑफिसच्या खिडकीत दिला.

चौथ्या दिवशी शाळेतून फोन आला. शनिवारी सकाळी मी गेले. मॅडम ग्रंथालयात एकट्या बसल्या होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं. माझी तीन पानं समोर होती.

"तुम्ही... तू," त्या म्हणाल्या.

"तुमीच म्हणा," मी म्हणाले.

"हा निबंध माझ्या वडिलांनी लिहिला होता. माझ्यासाठी." त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना माझा म्हणून सांगते, ते खोटं आहे, मान्य. पण लिहिला त्यांनी होता. माझं त्यांनी कधी कौतुक केलं नाही. जवळ घेतलं नाही. एवढा एक निबंध त्यांनी माझ्यासाठी बसून लिहिला. म्हणून मी तो जपला."

हे मला माहीत नव्हतं. निबंध माझा आहे हे गुरुजींच्या पोरीला ठाऊक असणार, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी म्हणाले, "मॅडम, तुमची आई लावणीला जायची?"

"नाही."

"मग चिखल्या कुणाला झाल्या?"

त्यांनी पहिलं पान पुन्हा पुढ्यात ओढलं.

"पायाला मेंदी कशाला लावतात, हे तवा तुमाला म्हाईत व्हतं?"

"मी विचारलं होतं त्यांना," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ते म्हणाले, तू फक्त पाठ कर."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बापानं दिलेली एकुलती एक माया मी तिच्या हातून काढून घेतली होती. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

"वर्गात सांगा," मी म्हणाले. "ज्या वर्गाला लिहून दिला, त्या वर्गात."

"मला थोडा वेळ द्या. मी आधी वडिलांशी बोलते."

"सत्तावीस वर्षं दिला की."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं. मुलगी शाळेतून आली ती दप्तर फेकूनच. मॅडमनी सगळ्यांना वही उघडायला लावली, निबंधाच्या खाली माझं नाव लिहायला सांगितलं आणि फळ्याकडे तोंड करून रडल्या.

"सगळे माझ्याकडे बघत होते," मुलगी म्हणाली. "मॅडम माझ्या सगळ्यात आवडत्या आहेत. तुला काय मिळालं?"

"माझं नाव मिळालं."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिची समजूत काढली नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली तेव्हा बोलली.

मार्चात मी परीक्षा दिली. पास झाले. गणितात कसंबसं, मराठीत वर्गातल्या सगळ्या बायकांपेक्षा जास्त. निकालाच्या आठवड्यात मी मॅडमच्या घरी गेले, कारण गुरुजी तिथंच राहत होते. मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांनी 'आता आठवत नाही' एवढंच उत्तर दिलं होतं, हे माझ्या कानावर आलं होतं. दार मॅडमनीच उघडलं आणि त्या बाजूला झाल्या.

गुरुजी खुर्चीत बसले होते. वाळले होते, पण नजर तशीच. मी कोण ते सांगितलं आणि तीन पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. खिशाचं पेन काढलं. वाचता वाचता ते पेन चालवू लागले.

"'अन्' फार वापरतेस," ते म्हणाले. "आणि इथं दीर्घ हवा."

"गुरुजी, मी चुका तपासून घ्यायला न्हाई आले. लिवलंय ते खरं का खोटं, तेवढं सांगा."

"एवढ्या वर्षांनी काय करायचंय आता?"

"खरं का खोटं?"

त्यांनी दाराकडे बघितलं. तिथं मॅडम उभ्या होत्या. "खरं," ते म्हणाले. मला नाही, आपल्या मुलीला. "तुझा नंबर यावा असं वाटलं मला."

मी मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. गुरुजींचं तोंड बघण्यापेक्षा मला ते बघायचं होतं, हे माझं मलाच तेव्हा कळलं. चहा ठेवलेला होता. तो मी घेतला नाही. गुरुजींच्या पाया पडले नाही. पानं घेतली आणि निघाले.

मी बारावीचा फॉर्म भरला त्या वर्षी गुरुजी गेले. माझ्या माहेरच्या वाडीनं शाळेत शोकसभा ठेवली. माझ्या वर्गातला एकजण आता ग्रामपंचायतीत सदस्य आहे. तो मोटारसायकलवरून बंगल्यावर आला.

"सभेत वाचायला कायतरी लिहून पायजे. गावात आता तुझ्यावानी कोण लिवतंय?"

"मी लिहिलेलं चालंल तुमाला?"

"न चालायला काय झालं?"

मी त्याला बसवलं आणि एका बैठकीत पानभर लिहिलं. गुरुजी कोणत्याही हवेत वेळेवर शाळेत यायचे. रजा घ्यायचे नाहीत. त्यांचं अक्षर सुंदर होतं. वाडीतल्या प्रत्येक घराचे कागद त्यांनी लिहून दिले, आणि त्याचा कधी मोबदला मागितला नाही. हे सगळं खरं होतं, म्हणून लिहिलं. त्याखाली एक वाक्य लिहिलं: 'सातवीतल्या एका मुलीचा निबंध त्यांनी आपल्या मुलीच्या नावावर केला, आणि ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही.'

त्यानं वाचलं. मान खाजवली. "लय भारी लिवलंय. एवढं शेवटचं वाक्य काढ."

"का? खोटं हाय?"

"खोटं न्हाई गं. पर मेल्या माणसाबद्दल... बरं दिसत न्हाई."

"मग कागद हिकडं दे."

"बाकीचं तरी राहू दे की."

"न्हाई. घ्यायचं तर सगळं, न्हाईतर काईच न्हाई."

मी हात पुढं केलेला तसाच ठेवला. शेवटी त्यानं कागद दिला आणि गेला.

सभा झाल्यावर माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. सदस्यानं दोन वाक्यं तोंडानंच बोलून वेळ मारून नेली होती. गुरुजींबद्दल बोलायला शब्द अपुरे पडतात, असं म्हणाला म्हणे. कागद मी परत घेतला हे वाडीत सगळ्यांना कळलं होतं.

"मेलेल्यावर कसला सूड उगवतीस?" भाऊ म्हणाला. "जनाची तरी लाज बाळग."

"मला वाकवलं तवा तू तितंच व्हतास," मी म्हणाले. "मोठा व्हतास. बोललास का कायी?"

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही, आणि मीही त्याला बोलावलेलं नाही.